गावाच्या अंगाबेताचा प्रतिबंधक कार्यक्रम कसा आखावा?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट राहील. बीड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या वीस गावांत आपली संस्था वर्षभर तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधाचे काम करीत आहे. भित्तिपत्रके लावून झाली, पथनाट्ये झाली, डिसेंबरमध्ये दोन तपासणी शिबिरेही झाली. पथनाट्याला गर्दी होते, बायका माना डोलावतात, पण शिबिराला बोटांवर मोजण्याइतक्याच येतात आणि मिशरी, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची भुकटी, कोणीही सोडत नाही. आपल्या बैठकीत ‘इथली संस्कृतीच आड येते’ असा निष्कर्ष निघाला आणि आता हाच कार्यक्रम संस्कृतीला अनुरूप कसा करावा, असे आपण विचारले आहे.

सर्वप्रथम डिसेंबर या महिन्याविषयी. बीडमधील ऊसतोड करणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे तिशी-चाळिशीतील ज्या बाईसाठी आपण शिबिर भरवले, ती त्या दिवशी सांगलीकडे किंवा कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात, एखाद्या फडात मोळ्या बांधत होती. गावात उरली होती ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले. शिबिराला बायका आल्या नाहीत, कारण त्या गावातच नव्हत्या. याचे खापर संस्कृतीवर फोडणे अन्यायाचे आहे, आणि हा अन्याय आपल्या क्षेत्रात फार सहजपणे घडतो, म्हणून त्याचा उल्लेख सुरुवातीलाच केला.

आपल्या प्रश्नातील ‘हाच कार्यक्रम’ हे शब्दही मला खटकले. कार्यक्रम शहरात आधी पक्का होतो, अंदाजपत्रक मंजूर होते, पत्रके छापून येतात आणि मग शेवटी पत्रकातील बाईला नऊवारी नेसवून, तिच्या तोंडी एखादी ओवी घालून त्याला स्थानिक रूप दिले जाते. मी या कामात तेवीस वर्षे आहे आणि पहिली पाच-सहा वर्षे मीही हेच केले. लुगडे आणि ओवी हा संस्कृतीचा फार थोडा भाग आहे. आजार कशाने होतो याविषयी गावाचे स्वतःचे काय म्हणणे आहे, घरातील पैशावर आणि बाईच्या वेळेवर कोणाचा शब्द चालतो, कोणती गोष्ट चारचौघांत बोलायची आणि कोणती फक्त न्हाणीपाशी कुजबुजायची, लाज कशाची वाटते आणि मान कशात मिळतो, पूर्वी दवाखान्याचा अनुभव काय आला, हे सगळे तिच्यात येते. या गोष्टी समजून घेतल्यावर कार्यक्रमाचा दिवस, जागा, माणूस आणि शब्द ठरवायचे असतात. हे चारही आधी ठरवून टाकले तर मागाहून बसवायला फारसे काही उरत नाही.

शब्दांचे उदाहरण घेऊ. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द आपल्या सगळ्या पत्रकांवर आहे, पण गावात तो कोणाच्याच तोंडी नसतो. तिथे ‘पिशवी’ असते, ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘कंबर धरते’, ‘अंग बाहेर येते’. एका गावात मी आठ-दहा जणींसमोर ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ असे म्हणाले आणि शब्द सोपा केल्याच्या समाधानात पुढे बोलत राहिले. ज्वारी निवडत बसलेल्या चाळिशीच्या एका बाईने मान वर न करता विचारले, “मंजी काढायला सांगणार का?” नंतर घरोघर बसले तेव्हा कळले की त्या एकाच गल्लीत पाच जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या आणि प्रत्येकीला ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असेच सांगण्यात आले होते. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की 2019 साली राज्य शासनाला समिती नेमून त्याची चौकशी करावी लागली. म्हणजे आम्ही ज्याला अज्ञान समजत होतो ते त्या बायकांचे अनुभवातून आलेले शहाणपण होते. ‘कॅन्सर’ आणि ‘पिशवी’ हे दोन शब्द एकत्र आले की पुढे शस्त्रक्रिया आणि कर्ज येते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

त्यानंतर आम्ही मांडणी उलटी केली. ‘ही तपासणी पिशवी वाचवण्यासाठी आहे’ हे पहिले वाक्य झाले. तपासणीत नेमके काय होते, तेही उघडपणे सांगू लागलो: सिरक्यात असते तसल्याच आम्लाचे पातळ द्रावण कापसाने आत लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात, काही कापत नाहीत, काही काढत नाहीत, आणि डाग उमटला म्हणजे कॅन्सरच झाला असे नसते, तर पुढे आणखी एक तपासणी करून खात्री करावी लागते. या साध्या पद्धतीची ताकद मोठी आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी ही तपासणी करवून घेतली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तपासणारी व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असे नाही, ती बाईच असली पाहिजे, आणि शक्यतो ओळखीची, ही गोष्ट आपल्या आखणीसाठी त्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता मिशरी. आपल्या पत्रकावर सडलेल्या जबड्याचे छायाचित्र आणि खाली ‘मिशरी सोडा’ असे दोन शब्द आहेत. हे छायाचित्र पाहून बाई हळहळते आणि घरी जाऊन मिशरी लावते, कारण त्या चित्रातील माणूस तिला दूरचा वाटतो आणि तिची मिशरी तिला रोज उपयोगी पडते. हा उपयोग कोणता, हे आपण जवळ बसून पाहिले पाहिजे. एका घरी सकाळी लवकर गेले तेव्हा चुलीवर तवा होता आणि तव्यात तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजली जात होती. धूर घशाला लागत होता, पोरे शिंकत होती आणि सासूबाई तोंडाला पदर लावून उलथण्याने पाने फिरवत होत्या. भाजलेली पाने त्यांनी वाटीच्या बुडाने रगडली, भुकटी बामच्या जुन्या डबीत भरली आणि मग ओट्यावर येऊन तर्जनीने हिरड्यांवर फिरवत त्या दहा-पंधरा मिनिटे शांत बसून राहिल्या. मी विचारले, यात काय बरे वाटते? त्यांनी एकामागून एक कारणे दिली. लहानपणी दाढ दुखत होती म्हणून आईने पहिल्यांदा लावली. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. फडात दुपारपर्यंत भाकरी मिळत नाही, तेव्हा लावली की भूक मरते. थोडे थांबून शेवटी त्या म्हणाल्या, “आन् मिशरी लावताना कुणी हाक मारत नाही.”

हे शेवटचे वाक्य माझ्या मते आपल्या संपूर्ण कार्यक्रमाच्या मुळाशी असायला हवे. त्या बाईच्या दिवसात मिशरीची ती पंधरा मिनिटे हीच मान्यताप्राप्त विश्रांती होती. नुसतीच बसलेली बाई आळशी ठरते. मिशरी लावत बसलेल्या बाईला मात्र सगळे घर मोकळीक देते. सवय सोडवायची म्हणजे दाढदुखीचा, पोटाचा, भुकेचा आणि विश्रांतीचा असे चार वेगवेगळे प्रश्न सोडवायचे, आणि या चारांना एकच घोषणा पुरणार नाही. दाढदुखीसाठी आम्ही कर्करोगाविषयी चकार शब्द न काढता आधी दातांचे डॉक्टर गावात आणले आणि किडलेल्या दाढा काढून घेतल्या. तपासणीला न येणाऱ्या बायका दाढेसाठी रांग लावून आल्या, आणि दाढ पाहताना हिरड्या, गाल आणि जीभ पाहणे ओघानेच झाले. पोटासाठी सकाळी तांब्याभर पाणी आणि थोडी वाट पाहण्याची तयारी हा सल्ला त्यांनी स्वतःच एकमेकींना दिला. मिशरी सोडल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस पोट जड राहते, डोके दुखते, चिडचिड होते, हे आधी सांगून ठेवले नाही तर तिसऱ्या दिवशी डबी पुन्हा हातात येते. ओट्यावरची बैठक आम्ही मोडली नाही. जावा-जावा किंवा शेजारणी अशा जोडीने बायकांनी तंबाखू नसलेले बारीक दंतमंजन घेऊन त्याच वेळी, त्याच जागी बसायचे ठरवले. बोट तेच राहिले, ओटा तोच राहिला, डबीतली भुकटी तेवढी बदलली. सगळ्यांनी सोडली असे मुळीच झाले नाही. पण ज्यांनी सोडली त्यांतील बहुतेकींनी जोडीनेच सोडली. भुकेच्या प्रश्नावर मात्र आमच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते, कारण ते फडातील कामाच्या तासांत आणि मजुरीच्या दरात आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे गेलो असतो तर बायकांनी आमच्यावर विश्वास ठेवला नसता.

रोगाच्या खुणाही गावाच्या जेवणातूनच सांगता येतात. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आखडते; त्याआधी तिखटाने आग होऊ लागते. ‘पूर्वी चालत असलेला ठेचा आता सोसत नाही का?’ आणि ‘तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जातात का?’ हे दोन प्रश्न आमच्या कार्यकर्त्या कोणालाही, अगदी पारावर बसलेल्या तरुणांनाही, सहज विचारत. ठेचा सोसत नाही हे कबूल करण्यात कोणाला लाज नसते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, हे आपण जाणताच. म्हणून ही विचारपूस पुरुषांमध्येही चालू ठेवावी.

आता निर्णय कोणाचा, हे पाहू. सून तपासणीला हो म्हणते, पण सासूला विचारल्याशिवाय येत नाही. सासूची ना नसते, पण एसटीचे भाडे नवऱ्याकडून येते. नवरा तयार असतो, पण कामाच्या दिवसांत एक खाडा पडला तर दंड दोघांच्या नावावर चढतो. अशा वेळी ‘परवानगी देत नाहीत’ एवढेच नोंदवून थांबू नये. प्रत्येक नकारामागे लाज, भाडे, दंड की पूर्वीचा वाईट अनुभव, हे वेगळे काढावे, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि लाज हा त्यांतील एकच प्रकार आहे. माझ्या अनुभवात लाजेच्या नावाखाली सांगितलेल्या नकारांपैकी बरेच नकार खरे तर पैशाचे निघाले. पैसे नाहीत हे सांगण्यापेक्षा लाज वाटते हे सांगणे बाईला सोपे जाते. सासूचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा. तिला अडथळा मानून वळसा घालू नये. गरोदरपणात मिशरी लावल्याने बाळ कमी वजनाचे जन्मते, हे आम्ही सुनांना सांगून काही हलले नाही; सासवांच्या बैठकीत सांगितले, तेव्हा डबी सुनेच्या हातातून त्यांनीच काढून घेतली.

बोलणारे माणूस कोण असावे, याचे महाराष्ट्रातच पुढे आलेले उत्तर आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा दुष्काळी भागातील लोकांची पहिली गरज औषधाची नसून पाण्याची आणि अन्नाची होती, आणि त्यांनी ती मानली. पुढे गावोगावच्या अशिक्षित, बऱ्याचदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला एकत्र येत, एकत्र जेवत, शिकलेले गावात जाऊन करून पाहत आणि पुढच्या आठवड्यात अनुभव सांगत. जात जिथे हाडीमाशी खिळली होती तिथे दलित बाईच्या हातून सवर्ण घरातील बाळाची काळजी घेतली जाऊ लागली, ती भाषणाने नव्हे तर तिच्या उपयोगाने. आपल्या वीस गावांत आशा आहेतच. त्यांच्या हाती फक्त पत्रके न देता त्यांना आखणीच्या टेबलाशी बसवा. तेराव्या गावात बुधवारी बाजार असतो आणि पाचव्या गावात दोन भावक्या एकमेकींच्या ओट्यावर चढत नाहीत, हे त्यांच्याखेरीज आपल्याला कोण सांगणार?

गडचिरोलीतील ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे उदाहरणही मी नेहमी सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की बाळाला न्यूमोनिया झाला आहे हे गावातील सुईण कसे ओळखणार? त्यासाठी मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि बऱ्याच सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्यांनी सुइणींना अंक शिकवण्याचा हट्ट धरला नाही. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार करायचा. बाईला जेवढे मोजता येते तेवढ्यातच विज्ञान बसवले, आणि त्यासाठी विज्ञानाची काटेकोरता कुठेही सोडली नाही. पुढे याच प्रदेशातील 39 गावांत आरोग्यदूतांमार्फत घरीच नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव आहे आणि त्याची रचना आदिवासी गावासारखी, नातेवाइकांना रुग्णापाशी राहता येईल अशी आहे, याचा उल्लेख सगळे करतात. मला मात्र मण्यांचे ते साधन जास्त शिकवून गेले.

याचा अर्थ गावाचे सगळेच स्वीकारायचे असा नाही, आणि इथे मी आपल्याला सावध करू इच्छिते. आपल्या पुढच्या आराखड्यात हळदीकुंकवाच्या निमित्ताने आरोग्यशिक्षण करावे अशी सूचना आहे. ती अनेक संस्था अमलात आणतात आणि दिसायला ती अगदी स्थानिक आहे. पण हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नाहीत. ऊसतोडीच्या पट्ट्यात तरुण विधवा थोड्या नाहीत, आणि तपासणीची गरज त्यांना इतरांइतकीच आहे. शिवाय संक्रांतीला आपल्या बहुसंख्य बायका फडातील कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, असतात. जी प्रथा कोणाला तरी दाराबाहेर ठेवते तिच्यावर कार्यक्रम उभारला की तो बहिष्कार आपण सरकारी-निमसरकारी शिक्का मारून पक्का करतो. जामखेडला विहिरींच्या जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांनाच तिकडे यावे लागेल. गावाशी जुळवून घेतानाही गाव थोडे सरकवता येते, ते असे.

उलट टोकाचा इतिहासही आपल्यापाशी आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोगी शोधून वेगळे करण्याचा हेतू वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाखाली सैनिक घरांत, थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, तेव्हा लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली आणि ज्या कामासाठी झडती होती तेच फसले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्यातच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचा प्लेगने मृत्यू झाला. सावित्रीबाईही रुग्णांना घरातून हलवून दवाखान्यातच नेत होत्या. घरातून माणूस हलवणे दोन्हीकडे होते. हलवणाऱ्याविषयी वाटणारा भरवसा तेवढा वेगळा होता.

आता आपल्या पुढच्या वर्षाविषयी. डिसेंबरचे शिबिर रद्द करावे. मे महिना ते पेरणी आणि पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत हे दोन काळ धरावेत. नवरात्रात उपवास आणि सोवळे असल्याने आतली तपासणी बायका टाळतात, तोंडाची तपासणी मात्र तेव्हाही होऊ शकते. पहिला महिना काहीही न शिकवता प्रत्येक गावात आशाताईंसोबत ओट्यांवर बसण्यासाठी ठेवावा आणि जी बाई नाही म्हणेल तिचे कारण तिच्याच शब्दांत वहीत लिहावे. ‘संकोच’, ‘अंधश्रद्धा’ असे रकाने आधी आखू नयेत. ही वही दर महिन्याच्या बैठकीत उपस्थितीच्या आकड्यांआधी वाचावी. यश मोजताना किती पत्रके वाटली याऐवजी किती जणी दुसऱ्यांदा आल्या आणि सोबत कोणाला घेऊन आल्या, हे पाहावे.

शिबिराचा वाचलेला पैसा दोन गोष्टींवर खर्च करावा: दाढा काढण्याचे दिवस, आणि तपासणीत डाग आढळलेल्या बाईला पुढच्या तपासणीसाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी. ही दुसरी सोय झाल्याशिवाय पहिली तपासणी सुरूच करू नये, कारण डाग दाखवून बाईला वाऱ्यावर सोडणे हे तिला काहीच न सांगण्यापेक्षा वाईट आहे. पहिली जी बाई जाईल तिच्यासोबत आपली कार्यकर्ती दिवसभर असावी, सासूला यायचे असेल तर तिलाही जागा ठेवावी, आणि त्या दिवशी तिच्या घरच्या शेळ्या कोण सोडणार व पोरांची भाकरी कोण टाकणार, हे आदल्या संध्याकाळी शेजारणीशी बोलून ठरवून ठेवावे.